विमल, मीही उठले होते

विमल,

रविवारी तुझी शोकसभा झाली. हॉल भरला होता. मिशन कॉलेजचे प्राचार्य बोलले, सरकारी कॉलेजचे प्राचार्य बोलले, आणि दोघांचं ऐकताना माझ्या अंगाची लाही लाही झाली. पहिले म्हणाले, विमलताई आमच्या संस्थेची लेक, तिच्या इंग्रजीचा पाया आमच्या आवारात घातला गेला, तिचा फोटो आम्ही मोठ्या व्हरांड्यात लावणार आहोत. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! तू त्यांच्या आवारात किती दिवस होतीस आणि कशी बाहेर पडलीस, हे त्या माणसाला ठाऊक नसेल. तो तेव्हा तिथे नव्हता. पण शोधायचं म्हटलं तर रजिस्टरं आहेत की त्यांच्याकडे.

दुसरे त्यांच्यावर कडी करणारे. म्हणाले, प्राध्यापिका विमलताई म्हणजे शासकीय शिक्षणाचं यश. ज्या यशाला यांनी वर्षानुवर्षं दर जूनमध्ये तात्पुरत्या नेमणुकीचा कागद दिला आणि दर एप्रिलमध्ये घरी पाठवलं, ते यश. जिला मुतारीशेजारची खोली वर्ग म्हणून दिली, आणि ती तक्रार करते म्हणून तिच्या फाइलीत 'स्वभाव भांडखोर' असं लिहिलं, ते यश.

मग माझं नाव पुकारलं. 'त्यांच्या बालमैत्रीण दोन शब्द बोलतील.' मी माइकपाशी गेले. समोर तुझे भाऊ-वहिनी, तुझे विद्यार्थी, खाप्याहून आलेली तुमची माणसं, पांढऱ्या लुगड्यातली तुझी आई. आणि मी काय बोलले माहीत आहे? तुझ्या अक्षराबद्दल. तुझं अक्षर किती वळणदार होतं, आणि तू वर्गात कशी खळखळून हसायचीस. दोन मिनिटं बोलले, नमस्कार केला, खाली बसले.

वीस वर्षं तू मला सांभाळून घेतलंस आणि तू गेल्यावरही मी तशीच निघाले. म्हणून हे लिहिते आहे. दुखवट्याचं लिहायला बसले होते, पण हात रागाने चालतो आहे. थोडा राग तुझ्यावरही आहे, विमल. तो सांगेनच.

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा आपण दोघी सतरा वर्षांच्या. मी नरखेडकडची, संत्र्याच्या बागायतदाराची मुलगी, इतवारीत मामाकडे राहून शिकलेली. तू खाप्याची, विणकराची लेक, उत्तर नागपुरात आत्याच्या घरी, जिथे एका खोलीत नऊ माणसं झोपायची आणि तू सार्वजनिक नळावर रांगेत उभी राहून भूगोल पाठ करायचीस. वर्गात एका बाकावर बसत होतो. मला गणित येत नसे, ते तू शिकवलंस. तुला मी काय दिलं ते आता आठवत नाही. बहुतेक संत्री.

कॉलेज कोणतं निवडायचं हा प्रश्न आला तेव्हा मामा म्हणाले, मिशनचं. तिथे वळण लागतं. तुझी आत्या म्हणाली, सरकारी. तिथे आपले पोट्टे हायेत. तू दोघांचंही ऐकलं नाहीस. तू म्हणालीस, "मोठ्या माणसाईले काय माहीत वं? थे कधी गेले कॉलेजात? जे शिकून राहिले त्याईलेच विचारू." आणि मे महिन्याच्या उन्हात, डोक्याला ओले दुपट्टे गुंडाळून, आपण दोघी खरोखर विचारत फिरलो. कोणी हसलं, कोणी हाकललं.

त्या दोन्ही कॉलेजांची नावं मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, ते एक तसलं आहे, बाकीची चांगली.

सरकारी कॉलेजचा प्रल्हाद आठवतो? तुझ्या आत्याच्या गल्लीतला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. ओट्यावर बसून त्याने आपल्याला सगळं खरंखरं सांगितलं. "मास्तर आला तर आला, नाही तर नाही. लायब्ररीत चिठ्ठी टाकावं लागते, पुस्तक पंधरा दिवसांनी भेटते, थेही फाटेल. स्कॉलरशिपच्या खिडकीतला बाबू 'सरकारचे जावई या' म्हणून आवाज देते. पण आपले शंभर पोट्टे हायेत तिथं. एकाले काही म्हटलं का शंभर उभे राहतात." तू विचारलंस, "आन् पोरी किती?" तो जरा वरमला. म्हणाला, "आपल्या? दोन. एक लग्न होऊन गेली."

तुझा चेहरा तेव्हा पडला होता. मी तो पाहिला आणि मनात खूश झाले. कारण मला तू मिशन कॉलेजात हवी होतीस. तिथे मुलींचं होस्टेल होतं, आणि मला मामीच्या घरातून सुटायचं होतं. बाबांनी पत्रात लिहिलं होतं, 'एकटी पोट्टी होस्टेलात राहत नसते. सोबत असन तर पाहू.' ती सोबत म्हणजे तू. मी त्यांना कळवलं, विमल नावाची मैत्रीण आहे, खाप्याची, घरी मागावर कापड विणतात. बाबांनी समज करून घेतला की कोष्ट्यांची असेल. मी आडनाव लिहिलं नाही आणि त्यांची समजूतही सुधारली नाही. हे मी तुला नंतर सांगितलं होतं, तू नुसती 'हं' म्हणाली होतीस. पण दुसरं एक आहे, ते मी तुला कधीच सांगितलं नाही.

मिशन कॉलेजची माहिती लीलाताईने दिली. मामाच्या शेजारची, होस्टेलात दोन वर्षं राहिलेली. मामाच्या पुढल्या खोलीत बसून बोललो आपण. खाली भांड्यांच्या दुकानात ठोकाठोक चालू होती, त्यामुळे तिला मोठ्याने बोलावं लागत होतं. ती म्हणाली, लायब्ररीची कपाटं उघडी असतात, हाताने पुस्तक काढून घ्यायचं. हे ऐकून तू अशी पुढे सरकलीस, की जणू कोणी जेवायला बोलावलं आहे. ती म्हणाली, सिस्टर संध्याकाळी इंग्रजी वाचून घेतात, फुकट. मग तू विचारलंस, "ताई, आमच्यासारख्या किती हायेत तिथं?"

"तुमच्यासारख्या म्हंजे?" लीलाताई म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिथं तसलं काही पाहत नाहीत."

तू रिक्षा ठरवायला खाली उतरलीस. लीलाताईने माझा दंड धरला. "सुमन, तुले म्हणून सांगते. हिले तिथं आणू नको वं. सिस्टर चांगल्या आहेत, पोरी चांगल्या नाहीत. माझ्या पहिल्या साली एक अशीच आली होती, दिवाळीच्या आत रडत गेली. तू ये. हिले सरकारीत जाऊ दे."

रिक्षात तू विचारलंस, "काय म्हणत होती वं थे?"

मी म्हटलं, "काही नाही. मामीच्या लोणच्याचं विचारत होती."

इतकंच. एका वाक्याचं खोटं. आपण ज्या कामासाठी पंधरा दिवस उन्हात फिरलो, त्या कामातली सगळ्यात खरी माहिती माझ्या हाती आली आणि मी ती गिळून टाकली. तू विचारत फिरलीस ते बरोबरच होतं, विमल. फक्त तुझ्या प्रश्नाचं उत्तर लोकांनी मला दिलं. तुझ्या तोंडावर कोणी दिलं नाही. आणि ज्या मुलीवर तू विश्वास ठेवलास तिला होस्टेल हवं होतं.

जूनमध्ये आपण दोघी ट्रंका घेऊन गेलो. पहिले दोन महिने तू इतकी सुखात होतीस की मला वाटलं, लीलाताई उगाच घाबरवत होती. दुपारभर तू लायब्ररीत. संध्याकाळी वॉर्डन सिस्टरपाशी बसून तू मोठ्याने इंग्रजी वाचायचीस, चुकलीस की ती पेन्सिलीने टेबलावर टकटक करायची. रात्री माझ्या खाटेवर येऊन दिवसभरातले नवे शब्द म्हणून दाखवायचीस. मी झोपलेली असले तरी.

ऑगस्टमध्ये फी-माफीची यादी फळ्यावर लागली. नाव, आडनाव, आणि पुढे 'नवबौद्ध'. दुपारपर्यंत सगळ्या होस्टेलला कळलं. चार मुलींच्या वडिलांची पत्रं आली. पुढल्या आठवड्यात सिस्टरने तुला बोलावलं. तू मलाही सोबत नेलंस, म्हणून मी ऐकलं. सिस्टर वाईट बोलली नाही. वाईट बोलली असती तर बरं झालं असतं. ती तुझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बेटी, प्रभूच्या घरात भेद नाही. पण या मुली अजून तयार नाहीत. थोडे दिन की बात है. जेवताना तू खिडकीजवळच्या टेबलावर बस, तुझ्याच शांतीसाठी." मग म्हणाली, शनिवारच्या धर्मवर्गाला येत जा, मनात आलं तर पुढे बघू, होस्टेलचीही फी माफ होईल, तू आमची झालीस की कोण काय म्हणेल?

तू सरळ उभी होतीस. सात वर्षांची असताना, छप्पन साली, वडिलांच्या खांद्यावर बसून तू दीक्षाभूमीवर गेली होतीस, ते तू मला हजारदा सांगितलं होतंस. तू म्हणालीस, "सिस्टर, माह्या बापानं धर्म बदलला थो इचार करून. मी जेवायच्या टेबलासाठी बदलू काय?"

सिस्टरचा चेहरा लाल झाला. पण टेबल लागलं. खिडकीपाशी, स्वच्छ चादर घातलेलं, वर फुलदाणीसुद्धा. फुलदाणी होती, विमल! आजही मला ती फोडावीशी वाटते.

पहिल्या संध्याकाळी मी ताट हातात घेऊन मधे उभी राहिले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी नेहमीच्या टेबलावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला म्हटलं, आज मी तुझ्याजवळ बसते. तू म्हणालीस, "राहू दे. तुह्या घरी पत्र जाईन. तुले घेऊन जातीन." किती सहज बोललीस. आणि मी किती सहज मानलं! तुला वाटलं असेल, ही एकदा तरी म्हणेल की पत्र गेलं तर गेलं. मी नाही म्हटलं.

असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी दुपारी तू ताट घेतलंस आणि सरळ मधल्या लांब टेबलाकडे आलीस. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तू तिथे बसलीस आणि म्हणालीस, "भाजी सरकव वं."

समोरची मुलगी उठली. मग तिच्या बाजूची. एकेक करून सगळ्या उठल्या, ताटं तशीच टाकून. बाक मागे सरकल्याचे आवाज. आणि मीही उठले.

वीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की पाय आपोआप उठले. पाय आपोआप उठत नसतात. मी भाजीचं भांडं तुझ्याकडे सरकवलं आणि उठले. भांडं सरकवल्याचं समाधानही मी कितीतरी वर्षं जवळ बाळगलं, इतकी मी कोती.

तू पूर्ण जेवलीस. भिंतीला टेकून आम्ही सगळ्या पाहत होतो. तू शेवटचा भात कालवलास, पाणी प्यालीस, ताट धुऊन ठेवलंस. मग वर जाऊन ट्रंक भरलीस. मी खोलीच्या दारात उभी होते. तू म्हणालीस, "सरक, ट्रंक लागन." त्यानंतर दोन वर्षं आपण बोललो नाही.

ऑक्टोबरात सरकारी कॉलेजने तुला घेतलं नाही. मुदत संपली म्हणाले. वर्ष गेलं. ते वर्ष तू खाप्याला वडिलांच्या मागाशेजारी बसून कांड्या भरत काढलंस, हे मला कितीतरी नंतर कळलं. मी त्याच होस्टेलात चार वर्षं राहिले, बी.ए. झाले, स्नेहसंमेलनात भरतकामाचं बक्षीस घेतलं. तुझं टेबल तुझ्यामागून उचललं. फुलदाणी कॉमनरूममध्ये गेली.

पुढे तू सरकारी कॉलेजात गेलीस तेव्हा प्रल्हाद म्हणाला होता तसंच सगळं निघालं. मास्तर येत नव्हते. फाटकी पुस्तकं. आणि तो खिडकीतला बाबू. तू पहिल्याच महिन्यात त्या खिडकीपुढे उभी राहून म्हणालीस म्हणे, "जावई म्हणता तर पाट-पाणी करा. बाहेर उन्हात काहून उभं केलं?" रांगेतली मुलं इतकी हसली की बाबूने खिडकी आपटली. दुसऱ्या दिवशी त्याने तुझा अर्ज हरवला. तू पुन्हा लिहिलास. त्याने पुन्हा हरवला. मग ती शंभर पोरं खरोखर उभी राहिली, आणि तुझा अर्ज एका तासात सापडला. हे तू मला रंगवून सांगायचीस. पण त्याच कॉलेजात मुलींसाठी बसायची खोली नव्हती, आणि तास नसला की तू व्हरांड्यात खांबाला टेकून वाचायचीस, आणि त्या शंभरांतलेच काही येऊन चिठ्ठ्या टाकायचे, हे तू फक्त एकदा सांगितलंस.

आणि मग एक दिवस एस.टी. स्टँडवर तूच मला हाक मारलीस. "काहून वं सुमन, ओळखत नाही काय?" माझ्या हातातली पिशवी खाली पडली. संत्री घरंगळली. तू वाकून गोळा केलीस, एक सोललंस, अर्धं मला दिलंस. झालं. तुझ्या बाजूने मिटलं.

इथेच माझा तुझ्यावर राग आहे. तू मिटवून टाकलंस! मला विचारलं नाहीस, मला भांडू दिलं नाहीस. माझ्या लग्नात आलीस, माझ्या बाळंतपणात रात्र-रात्र बसलीस, आणि मी कधी 'विमल, त्या दिवशी...' असं सुरू केलं की तू म्हणायचीस, "जाऊ दे वं. चहा टाक." किती चहा टाकले मी! प्रत्येक कपाबरोबर ते लीलाताईचं वाक्य घशात आलं आणि प्रत्येक वेळी तू मला सोडवलंस. की मीच सुटून घेत होते? तू एकदा तरी ओरडायला हवं होतंस. माझ्या तोंडावर थुंकली असतीस तरी चाललं असतं. माफी मागितल्याशिवाय मिळाली की ती अंगावर पडते, तिचं काय करायचं कळत नाही.

आणि त्याहून राग कशाचा यायचा सांगू? तू त्यांची बाजू घ्यायचीस. परवा-परवापर्यंत आपलं तेच भांडण. तुझ्या विद्यार्थिनी तुला विचारायला यायच्या, ताई, धाकट्या बहिणीला कुठे घालू? मी बाजूला बसलेली असले की तावातावाने म्हणायची, मिशनच्या दारातही पाठवू नको. आणि तू मला गप्प करायचीस. "सुमन, खोटं सांगू नको पोरीईले. त्या सिस्टरनं मले वाचायले शिकवलं. उघडं कपाट मी पह्यल्यांदा तिथं पाह्यलं. आन् त्याच सिस्टरनं मले खिडकीपाशी बसवलं. दोन्ही सांगायचं."

"आणि तुझं सरकारी?" मी म्हणायची.

"तिथं दाराबाहेर उभं केलं. पण दार ठोकू देल्लं."

"मग बरं कोणतं?"

"त्या पोरीले जे सोसन थे."

मला ते पटत नव्हतं, आजही पटत नाही. पोरीने का सोसायचं? तुझं उत्तर शहाण्या माणसाचं होतं आणि मला शहाणं उत्तर नको होतं. मला हवं होतं की तू त्या कॉलेजचा मनापासून द्वेष करावास. खरं सांगू? तू त्यांचा द्वेष केला असतास तर सगळा दोष त्यांच्यावर गेला असता. त्या टेबलावर मी एकटी उरले नसते. तू त्यांचं बरं ते बरं म्हणायचीस आणि वाईट ते वाईट, तेव्हा मला दर वेळी वाटायचं, ही माझंही असंच वेगवेगळं मांडून ठेवत असेल.

काविळीने तुला तीन आठवड्यांत नेलं. मेडिकलच्या वॉर्डात मी रोज येत होते. शेवटच्या बुधवारी तू शुद्धीवर होतीस, मी एकटीच होते. सांगायची वेळ तीच. मी म्हटलं, "विमल, लीलाताई मला एक म्हणाली होती." तू डोळे उघडलेस. आणि तेवढ्यात नर्स बाटली बदलायला आली, मी बाजूला सरकले, आणि ती गेल्यावर मी तुला पाणी हवं का विचारलं. नर्सचा काही दोष नाही. ती दोन मिनिटांत गेली होती.

आता रविवारचं पुढचं ऐक.

सभा संपली, लोक पायऱ्यांवर चपला शोधत होते. तुझी भाची मित्रा, तुझ्या भावाची, माझ्यापाशी आली. बारावी झाली आहे तिची, तुला ठाऊकच. कापडी पिशवीत दोन्ही कॉलेजांचे अर्ज. म्हणाली, "मावशी, आत्या सांगणार होती कोणतं भरू थे. राहून गेलं. आत्या तिथून काहून निघाली होती? विचारलं का 'मोठी झाल्यावर सांगीन' म्हणे."

मी तिला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. लीलाताईचं वाक्य, लोणच्याचं खोटं, टेबल, सतरा दिवस, आणि मी उठले ते. आजूबाजूने लोक जात होते, नमस्कार करत होते, मी थांबले नाही. जे तुला वीस वर्षांत सांगता आलं नाही ते एका अठरा वर्षांच्या मुलीला दहा मिनिटांत सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

"म्हंजे तुमाले आधीच माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"आन् तरी तुमी उठल्या."

"हो."

ती पिशवी घेऊन निघून गेली. मी म्हटलं, हीही गेली.

मंगळवारी सकाळी ती दारात. "मावशी, चाला. मी काल त्या प्राचार्याईकडे गेली होती. म्हटलं, आत्याचा फोटो लावा, पण खाली लिहा का ही इथं साडेतीन महिने होती आन् काहून गेली. थे म्हणे, असं काही आमच्या कागदात नाही, कोणी पाहणारं आहे काय? मी म्हटलं, आहे."

मी पातळ बदललं आणि तिच्यामागे निघाले. प्राचार्य सभ्य माणूस. खुर्च्या दिल्या, शिपायाला पाणी आणायला सांगितलं. मी बोलायला लागले तेव्हा ते मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "फार वाईट झालं. पण बाई, संस्थेचा यात थेट संबंध असा नाही. काही मुलींचा अडाणीपणा. त्या मुलींची नावं सांगू शकाल?"

ज्यांच्या वडिलांची पत्रं आली होती त्या चौघींची नावं मला पाठ आहेत. एक डॉक्टरीण आहे, एकीचा नवरा कॉर्पोरेशनात आहे. जिभेवर होती नावं. पण मी म्हटलं, "टेबल तुमच्या सिस्टरने लावलं होतं, ते आधी लिहा. आणि उठणाऱ्या मुलींत पहिलं नाव माझं लिहा. सुमन. माहेरचं आडनाव देते, तेव्हा तेच होतं." आणि आडनाव सांगितलं, बाबांचं नाव, गाव, तालुका, सगळं. त्यांनी पेन उचललं नाही. म्हणून मीच त्यांच्या टेबलावरचा कागद ओढला, लिहिलं, सही केली.

फोटोचं समितीपुढे ठेवू म्हणाले. आज शुक्रवार. मित्रा जाऊन पाहून आली, व्हरांड्यात खिळा ठोकलेला आहे आणि फोटो नाही. लावणार नाहीत. तुझं खरं लिहायचं म्हटलं तर तू त्यांची लेक राहत नाहीस.

मित्राने अर्ज सरकारीत भरला. पण त्या दिवशी ऑफिसातून उठताना तिने प्राचार्यांना विचारलंच, "सर, बाहेरच्या पोरीईले तुमच्या लायब्ररीत बसता येते काय?" ते गडबडले, म्हणाले, अर्ज करून पाहा. तिने तिथेच अर्ज लिहिला. मी पाहत राहिले. अगदी तू, विमल. डोळ्यांत पाणी आलं, ते त्या ऑफिसात आलं म्हणून माझाच मला राग आला.

बाहेर फाटकापाशी सिटी बसची वाट पाहत उभ्या होतो. मी तिला म्हटलं, "मित्रा, तू मला घेऊन आलीस, बरं केलंस." वाटलं, आता ती काहीतरी गोड बोलेल, हात धरेल. तशी सवयच लावून ठेवलीस तू मला.

तिने हात धरला नाही. बस येताना दिसली तशी ती पिशवी खांद्याला लावून पुढे झाली, आणि मागे न पाहता म्हणाली, "आत्या होती तवा यायचं होतं तुमी."